कोड येतो, पण डिपार्टमेंटचं काम कळत नाही. डोमेन नॉलेज तुम्ही कसं मिळवलंत?

अर्धविराम

नमस्कार मंडळी, बरेच दिवस मनात घोळतंय ते आज लिहून काढतो, थोडं लांबेल.

मी ८ वर्षं बॅकएंडवर, म्हणजे स्क्रीनमागच्या कोडवर काम करतोय. या काळात आधी बिलिंग, मग गोदामाचं सॉफ्टवेअर, मग एचआरचं पेरोल इंटिग्रेशन आणि आता परत ऑर्डर आणि बिलिंग असं फिरत आलोय. प्रत्येक ठिकाणी टेबलं कळली, एपीआय कळले, कुठली सर्व्हिस कुठल्या क्यूवर मेसेज टाकते ते पाठ झालं. पण ते डिपार्टमेंट दिवसभर नेमकं करतं काय, हे मला कुठेच नीट कळलं नव्हतं हे आत्ता लक्षात आलं, आणि तेही एक घोळ झाल्यावर.

झालं असं की टिकेट, म्हणजे कामाची मागणी आली, "चुकीचं इनव्हॉइस रद्द करता आलं पाहिजे." मी बटण दिलं, आतमध्ये ती रो सॉफ्ट डिलीट केली, म्हणजे न पुसता काढल्याची खूण करून लपवली, टेस्ट लिहिल्या, दोघांनी रिव्ह्यू केला, लाइव्ह गेलं. पुढच्या महिन्यात फायनान्सच्या मॅडम स्वतः जागेवर आल्या. आधीच्या महिन्याची पुस्तकं बंद झाली होती, रिपोर्ट वर गेला होता, आणि आता तोच रिपोर्ट परत काढला तर विक्रीचा आकडा वेगळा येत होता, कारण कोणीतरी त्या बंद महिन्यातलं इनव्हॉइस माझ्या बटणाने रद्द केलं होतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "अहो, बिल रद्द करायचं म्हणजे खोडायचं नसतं, क्रेडिट नोट काढायची असते." म्हणजे मूळ बिल तसंच ठेवून ती रक्कम वजा करणारा वेगळा कागद. त्यांच्या टीमचे ३ दिवस एकेक नोंद हाताने जुळवण्यात गेले.

मला लागलं ते हे की कोडमध्ये बग नव्हताच. टिकेटमध्ये जे लिहिलं होतं तेच केलं होतं. रिव्ह्यू करणाऱ्या दोघांनाही काही खटकलं नाही कारण आम्हा तिघांपैकी एकालाही "रद्द" या शब्दाचा फायनान्समधला अर्थ माहीत नव्हता.

तर विचारायचं हे आहे की तुम्ही हे सगळं शिकलात कसं? कोर्स केलात, कोणाच्या शेजारी जाऊन बसलात, की वर्षानुवर्षं चुका करतच शिकायचं असतं? आणि एक डिपार्टमेंट नाही, चार-पाच आहेत, त्यातलं कशापासून सुरू करू? डेव्हलपर सोडून इतर लोकांनीही लिहा, त्यांचंच जास्त ऐकायचंय.

जुनी_खतावणी

मी ९ वर्षं अकाउंट्समध्ये होते, गेली ६ वर्षं टेस्टिंगमध्ये आहे, त्यामुळे दोन्हीकडची बाजू सांगू शकेन.

आधी तुमच्या क्रेडिट नोटबद्दल. हिशोबात खोडायचं नसतं हा नियम कोणाच्या हट्टातून आलेला नाही. प्रत्येक व्यवहार दोन ठिकाणी पडतो, एक नावे आणि एक जमा, आणि चूक झाली तर उलटी नोंद करून ती दुरुस्त करायची, मूळ नोंद तशीच राहते. लुका पाचोली यांनी ही दुहेरी नोंदीची पद्धत १४९४ मध्ये व्हेनिसला छापून प्रसिद्ध केली, आणि व्यापारी तर त्याच्याही आधीपासून ती वापरत होते. मी टेस्टिंगमध्ये आल्यावर डेव्हलपर लोक अपेंड ओन्ली लॉगबद्दल, म्हणजे ज्यात फक्त नवीन नोंदी घालता येतात आणि जुन्या बदलता येत नाहीत अशा यादीबद्दल, काहीतरी नवीन असल्यासारखं बोलायचे तेव्हा मला फार आनंद व्हायचा, कारण हे तर आमचंच आहे असं वाटायचं! तुम्हाला जे आधीच येतं त्याच्याशी जोडलंत तर अकाउंटिंग अवघड नाही, खरंच सांगते.

दुसरं म्हणजे तारखा. डेव्हलपर एकच तारीख ठेवतात, रेकॉर्ड कधी तयार झालं ती. आमच्याकडे कागदावरची तारीख वेगळी आणि ती नोंद पुस्तकात कुठल्या दिवशी धरली ती वेगळी. माल २९ तारखेला आला, सप्लायरचं बिल पुढच्या महिन्यात ७ तारखेला आलं, तर खर्च कुठल्या महिन्याचा? माल आला त्या महिन्याचा. म्हणून बिल हातात नसतानाही अंदाजाने तरतूद करून ठेवतात आणि बिल आलं की ती उलटवतात. हे माहीत नसेल तर १ तारखेला उलट्या झालेल्या शेकडो नोंदी बघून कोणालाही डेटा खराब झालाय असंच वाटेल. माझ्या टीममधल्या एका मुलाने तसं वाटून त्या फिल्टर करून टाकल्या होत्या.

शिकायचं कसं विचाराल तर महिनाअखेरीला त्यांच्याकडे जाऊन बसा, पण प्रश्न विचारू नका. त्या ३-४ दिवसांत कोणाला बोलायला वेळ नसतो, फक्त बघा. कोण कुठला रिपोर्ट काढतो, तो एक्सेलमध्ये टाकून काय करतो, कोणाला फोन लावतो हे वहीत लिहा आणि प्रश्न महिन्याच्या मधल्या आठवड्यात विचारा. ती एक्सेल फाइल फार महत्त्वाची. डिपार्टमेंटमध्ये प्रत्येकाच्या मशीनवर एक खासगी एक्सेल असते आणि तुमच्या सिस्टिमला माहीत नसलेला एकेक नियम त्यात बसलेला असतो. मी नवीन प्रोजेक्टवर गेले की रिक्वायरमेंट डॉक्युमेंट नंतर वाचते, आधी त्या एक्सेल मागते.

उत्तरध्रुव

वरच्या प्रतिसादाला +१, एक्सेलबद्दल तर पूर्ण सहमत.

चार-पाच डिपार्टमेंट आहेत, सुरुवात कुठून करू असं विचारलंय. डिपार्टमेंट धरून जाऊच नका. एक खरी ऑर्डर धरा, झालेली, बंद झालेली, शक्यतो जिच्यात काहीतरी बिनसलं होतं अशी, आणि ती पहिल्या चौकशीपासून बँकेत पैसे जमा होईपर्यंत कोणाकोणाच्या हातातून गेली ते बघत जा. सेल्समध्ये कोट कोणी दिला, डिस्काउंट कोणी मंजूर केला, क्रेडिट लिमिट (ग्राहकाला किती उधारी द्यायची ती मर्यादा) कोणी तपासली, माल कधी राखून ठेवला, कधी निघाला, बिल कधी झालं, पैसे कधी आले, कशाशी जुळवले. याला ऑर्डर टू कॅश म्हणतात, खरेदीच्या बाजूला तसंच प्रोक्युअर टू पे. डिपार्टमेंटच्या चार्टमध्ये तुम्हाला चौकोन दिसतात, काम मात्र आडवं वाहतं, आणि घोळ होतात ते बहुतेक एका चौकोनातून दुसऱ्यात जाताना. मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्येच लिहून ठेवलंय की संस्थेत संवाद जसा चालतो तशाच आकाराची सिस्टिम ती बनवते, तेव्हा दोन डिपार्टमेंट एकमेकांशी बोलत नसतील तर तुमच्या दोन सर्व्हिसमधला इंटरफेस कुठे कच्चा असेल ते कोड न उघडता सांगता येतं.

आता शब्दांबद्दल, कारण तुमचा "रद्द"चा किस्सा मुळात शब्दाचा आहे. सगळ्यात फसवा शब्द "कस्टमर". सेल्सच्या लेखी ज्याच्याशी बोलणं चालू आहे तोही कस्टमर, त्याने अजून काही घेतलेलं नसलं तरी. फायनान्सच्या लेखी ज्याच्या नावावर येणं आहे तो. डिस्पॅचच्या लेखी ज्या पत्त्यावर माल उतरतो तो. सपोर्टच्या लेखी जो फोन करतो तो, आणि त्याने कधी एक पैसाही दिलेला नसतो कारण पैसे त्याच्या कंपनीने दिलेत. मोठ्या ईआरपीमध्ये, म्हणजे सगळ्या डिपार्टमेंटचं काम एकत्र चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, ऑर्डर देणारा, माल घेणारा, बिल ज्याच्या नावे तो आणि पैसे भरणारा असे चार वेगळे रोल असतात ते उगाच नाही.

मी स्वतः यावर बराच काळ वाया घालवलाय. तीन डिपार्टमेंट "ॲक्टिव्ह कस्टमर"चे तीन आकडे द्यायचे आणि मॅनेजमेंट वैतागलेलं, तेव्हा मी आणि माझ्या टीमने सगळ्यांसाठी एकच कस्टमर टेबल करायला घेतलं. ८ महिने गेले. शेवटी त्या टेबलात ९०च्या वर कॉलम झाले, त्यातले निम्मे कोणासाठी तरी कायम रिकामे, आणि आकडे तीनच्या तीन राहिले, कारण तिन्ही आकडे बरोबर होते! प्रश्नच तीन वेगळे होते. एरिक इव्हान्स यांनी २००३ मध्ये बाउंडेड कॉन्टेक्स्ट ही जी कल्पना मांडली ती मी आधी वाचली होती, पण समजली या ८ महिन्यांनंतर. प्रत्येक शब्दाला त्याची हद्द असते आणि हद्द ओलांडताना भाषांतर करावं लागतं. तेव्हापासून मी एक साधी वही ठेवतो, शब्द, कुठलं डिपार्टमेंट, त्यांच्या तोंडचा अर्थ, कोणी सांगितला आणि कधी. एका शब्दाला पाच-पाच ओळी असतात आणि मी त्या एक करायला जात नाही.

शंकासुर

माझं मत वेगळं आहे, राग मानू नका.

हे सगळं ऐकायला छान आहे पण हे काम बिझनेस ॲनालिस्टचं आणि प्रॉडक्ट ओनरचं आहे. आमच्याकडे दर दोन आठवड्यांच्या फेरीत, म्हणजे स्प्रिंटमध्ये, किती स्टोरी (कामाचे छोटे तुकडे) बंद केल्या तेच मोजतात. मी एकदा मॅनेजरला विचारलं होतं की मला दोन दिवस सपोर्टबरोबर बसू द्या, तर सरळ नाही म्हणाले, स्प्रिंटमध्ये जागा नाही. मग हे शिकायचं कधी, रात्री घरी जाऊन? धागाकर्त्याने टिकेटमध्ये लिहिलं होतं तेच केलं, मग दोष टिकेट लिहिणाऱ्याचा आहे.

आणि दुसरं असं की एवढं डोकं घालून एका कंपनीचे नियम शिकायचे आणि नोकरी बदलली की ते सगळं शून्य. त्यापेक्षा कुबरनेट्ससारखं सर्व्हरवर सॉफ्टवेअर चालवायचं टूल शिकलो तर ते कुठेही चालतं. माझ्या ओळखीचे एक सीनियर १४ वर्षं एकाच सिस्टिमवर होते, त्यांना त्या धंद्यातलं सगळं यायचं, कंपनीने ती सिस्टिम बंद केली आणि त्यांना नवीन काम मिळायला वर्ष लागलं. तो माणूस डोळ्यासमोर आहे म्हणून विचारतोय.

पडद्यामागे

सपोर्टमध्ये आहे, ११ वर्षं. शंकासुर यांना दोन दिवस नाही म्हणाले हे वाचून वाईट वाटलं पण नवल नाही वाटलं.

दोन दिवस नसतील मिळत तर जागेवर बसून एक गोष्ट करता येते. आमची बंद झालेली टिकेटं वाचा. चालू असलेली वाचू नका, त्यात नुसता त्रागा असतो. बंद झालेल्या टिकेटात शेवटी आमच्या माणसाने काय करून प्रश्न सोडवला ते लिहिलेलं असतं आणि धंद्याचा खरा नियम तिथे सापडतो. रोज ५ वाचा. महिन्याभरात तुम्हाला असं काही कळेल जे कुठल्याही डॉक्युमेंटमध्ये नाही.

उदाहरण देतो. आमच्या सिस्टिमला पैसे परत जाण्याचा एकच प्रकार माहीत होता, रिफंड. प्रत्यक्षात रिफंड वेगळा आणि चार्जबॅक वेगळा. रिफंड आम्ही देतो. चार्जबॅकमध्ये ग्राहक आपल्या बँकेकडे तक्रार करतो आणि बँकेच्या बाजूने पैसे आमच्याकडून ओढून घेतले जातात, आम्हाला ठराविक मुदतीत पुरावे देऊन भांडता येतं, नाही दिले तर केस गेली, आणि वर फी पडते. डेव्हलपरने चार्जबॅकला सिस्टिममध्ये जागाच ठेवली नव्हती. मग काय व्हायचं, ग्राहक बँकेकडे गेलेला असायचा, तोच आमच्याकडेही चिडून फोन करायचा, नवीन मुलगा स्क्रीनवर बघायचा की रिफंड दिसत नाहीये आणि चांगुलपणाने रिफंड करून टाकायचा. पैसे दोनदा गेले. आम्ही यावर आमच्यापुरता नियम केला होता की रिफंड करण्याआधी फायनान्सच्या एका माणसाला चॅटवर विचारायचं. दोन वर्षं असं चाललं, कोणी इंजिनियरला सांगितलं नाही कारण आम्हाला वाटायचं की त्यांना माहीतच असेल, सिस्टिम त्यांनीच तर बनवलीय. तो माणूस रजेवर गेला की आमचं काम अडायचं. ज्या दिवशी एक डेव्हलपर मुलगी येऊन आमच्यात बसली, तिने पहिल्याच तासात विचारलं, "हे तुम्ही सारखं चॅटवर काय विचारताय?"

गोदामातला_कीबोर्ड

वेअरहाऊसच्या सॉफ्टवेअरवर आहे म्हणून त्या बाजूचं लिहितो, कारण ऑफिसातल्या डिपार्टमेंटपेक्षा इथे फरक आणखी मोठा दिसतो.

स्क्रीनवर स्टॉक ४० दिसतो. पण ४० म्हणजे काय? रॅकवर आहेत ते, की त्यातले १२ दुसऱ्या ऑर्डरला राखून ठेवलेत ते सोडून, की ५ तपासणीसाठी बाजूला काढलेत ते धरून? सेल्सला हवा असतो तो "आत्ता कबूल करता येईल" असा आकडा, त्यात उद्या येणारा मालही धरतात. फायनान्सला नग नको, किंमत हवी, आणि तीही कुठल्या खरेदीच्या भावाने धरायची यावर ठरते, आधी आलेला माल आधी गेला असं धरलं तर एक, सरासरी भावाने धरलं तर दुसरी. सगळे जण एकच शब्द वापरतात, स्टॉक.

आणि युनिट! खरेदी खोक्यात, साठा नगात, विक्री कधी सेटमध्ये. एका खोक्यात २४ होते ते सप्लायरने २० केले आणि मास्टर डेटा कोणी बदलला नाही, तर पुढच्या मोजणीपर्यंत प्रत्येक खोक्यामागे ४ नग फक्त स्क्रीनवरच. मंगळाकडे पाठवलेलं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान १९९९ मध्ये गमावलं गेलं ते यामुळेच, एका बाजूचं सॉफ्टवेअर पाउंड फोर्स सेकंदात आकडे देत होतं आणि दुसरी बाजू ते न्यूटन सेकंद समजून वापरत होती. दोन्हीकडचे लोक आपापल्या कामात हुशारच होते.

मी पहिल्यांदा फ्लोअरवर २ दिवस काढले तेव्हा काय दिसलं सांगतो. आमच्या ॲपमध्ये माल ठेवताना रॅकचा बारकोड स्कॅन करणं सक्तीचं होतं. वरच्या रॅकचा बारकोड इतका वर की स्कॅनर पोचत नाही. लोकांनी सगळ्या रॅकच्या बारकोडच्या प्रती काढून एका पुठ्ठ्यावर चिकटवल्या होत्या आणि टेबलावर बसून एकत्र स्कॅन करायचे. आमच्या डॅशबोर्डवर लोकेशन अचूकता ९९ टक्के दिसायची, आणि आम्ही खूश. ऑफिसात बसून मी ते आयुष्यात ओळखलं नसतं. तिथले सुपरवायझर काका म्हणाले, "साहेब, तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं की."

जाता जाता एक, बिल पास करण्याआधी खरेदी ऑर्डर, माल मिळाल्याची पावती आणि सप्लायरचं बिल या तिन्हींचं जुळतं का बघतात, थ्री वे मॅच म्हणतात त्याला. खरेदी, गोदाम आणि फायनान्स तिथे एकत्र येतात. धागाकर्त्याला दुसरी सुरुवात करायची तर ती इथून करावी.

कोरा_कागद

छान चर्चा, सगळं वाचतेय. मला नोकरी लागून १ वर्ष झालंय आणि मी पूर्ण रिमोट आहे. ना फ्लोअर, ना शेजारी बसणं. आणि खरं सांगायचं तर मला विचारायची भीती वाटते, समोरचा म्हणेल हिला एवढंही माहीत नाही. कॉलवर "समजलं ना?" म्हटलं की मी हो म्हणते आणि नंतर कोडमध्ये शोधत बसते. तुम्ही लोक नेमकं विचारता कसं, म्हणजे वाक्य काय असतं?

जुनी_खतावणी

@कोरा_कागद, फार चांगला प्रश्न विचारलास, आणि १ वर्षात हे विचारावंसं वाटतंय तर तू बरोबर वाटेवर आहेस.

"तुम्ही हे असं का करता?" असं कधी विचारू नकोस. अकाउंट्सच्या माणसाला त्यात ऑडिटर ऐकू येतो आणि तो पुस्तकी उत्तर देतो. "प्रोसेस काय आहे?" हेही नको, मग नियमात जे लिहिलंय तेच सांगतात. एका ठराविक घटनेबद्दल विचार. "मागच्या महिन्यात हे बिल दोनदा आलं होतं ना, तेव्हा तुम्ही आधी काय उघडलंत?" असं विचारलं की माणूस मोकळा होतो, स्क्रीन शेअर करतो, आणि मधेच म्हणतो "हां, इथे मी नेहमी हे पण बघते". त्या "हे पण"साठी कॉल असतो.

आणि कॉल झाल्यावर त्याच दिवशी ५-६ ओळीत तुला काय समजलं ते लिहून त्यांना पाठव, "चुकलं असेल तिथे दुरुस्त करा" म्हणून. लोकांना कोरं पान भरायला आवडत नाही, चुकलेलं दुरुस्त करायला लगेच तयार होतात. मला आजवर सगळ्यात उपयोगी माहिती त्या दुरुस्त्यांमधून मिळालीय. भीतीचं म्हणशील तर, नऊ वर्षांत आमच्या डिपार्टमेंटला कोणी इंजिनियर येऊन "तुमचं काम मला दाखवा" म्हणाला नव्हता. म्हणाला असता तर आम्ही त्याला डोक्यावर घेतलं असतं.

सावकाश_वाचणारी

एचआर आणि पेरोलवर कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते, मी त्या बाजूच्या प्रॉडक्टवर ७ वर्षं आहे.

इथे मुख्य गोष्ट काळाची आहे. पगारवाढ १२ तारखेला मंजूर झाली, लागू मात्र ३ महिन्यांपूर्वीपासून. मग मागच्या ३ महिन्यांचा फरक काढायचा, त्यावरची कपात परत मोजायची, पण मागच्या पगारपत्रकांना हात लावायचा नाही, ती दिली गेलीत. म्हणजे "कधीपासून खरं आहे" आणि "आम्हाला कधी कळलं" अशा दोन वेळा प्रत्येक गोष्टीला ठेवाव्या लागतात. वर खतावणीताईंनी दोन तारखा सांगितल्या त्याचंच हे भावंड. मी आधी फक्त सध्याची किंमत ठेवणारं टेबल केलं होतं आणि पहिल्याच मागील तारखेच्या बदलाला ते कोलमडलं.

दुसरं, माणसं मोजणं. एचआर म्हणतं ५०, फायनान्स म्हणतं ४६, आणि भांडण. एकजण डोकी मोजतोय, दुसरा पूर्णवेळेच्या हिशोबाने, दोन अर्धवेळ मिळून एक.

एक काळजीपूर्वक सांगायचं, इथे खरी केस दाखवा असं मागू नका. पगार, आजारपणाची रजा, वैयक्तिक गोष्टी असतात. नाव-आकडे बदलून त्यांच्याकडूनच एक काल्पनिक केस बनवून घ्या. ती बनवताना ते जे बोलतात त्यात अर्धं डोमेन कळतं, कारण "नाही नाही, हिची रजा अशी असू शकत नाही" असं त्यांच्या तोंडून निघतं आणि तुम्हाला नियम मिळतो.

उत्तरध्रुव

@शंकासुर, तुमचा प्रश्न टाळून पुढे जायला नको म्हणून परत आलो.

तुमच्या सीनियरांचं खरं आहे. पण त्यांना जे येत होतं त्यातलं किती त्या सिस्टिमचं होतं आणि किती धंद्याचं? कुठल्या स्क्रीनवर कुठला फ्लॅग लावला की काय होतं हे सिस्टिमबरोबरच जातं. पैसे मिळणं आणि उत्पन्न धरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे कुठेच जात नाही. वर्षाचं सबस्क्रिप्शन आज आगाऊ घेतलं तर पैसे आज आले पण उत्पन्न महिन्या-महिन्याने धरायचं, तोवर ते देणं म्हणूनच पुस्तकात राहतं. हे आंतरराष्ट्रीय मानकातच आहे, आयएफआरएस १५, १ जानेवारी २०१८ पासून लागू, आणि कुठल्याही सबस्क्रिप्शनवाल्या कंपनीत गेलात तर हा प्रश्न पहिल्याच महिन्यात समोर येतो. किंवा सगळ्या चलनांना दोनच दशांश स्थळं असतात हा समज. आयएसओ ४२१७ बघा, जपानी येनला शून्य, कुवेती दिनारला तीन. पैसे फ्लोटमध्ये (अपूर्णांक अंदाजे साठवणाऱ्या प्रकारात) ठेवू नका हे सगळे सांगतात, पण राउंडिंग ओळीला करायचं की बेरजेला, आणि उरलेला शेवटचा अंश कोणाच्या माथी, हे फायनान्सला विचारल्याशिवाय ठरवता येत नाही. मी तीन वेगवेगळ्या कंपन्यांत हे प्रश्न विचारलेत आणि तिन्हीकडे लोकांनी चमकून बघितलंय.

बीएचं, म्हणजे बिझनेस ॲनालिस्टचं काम बीएने करावं हे मान्य. पण टिकेट लिहिताना बीएला जे इतकं उघड वाटतं की लिहायची गरज वाटत नाही, तेच तुम्हाला माहीत नसतं, आणि कोड लिहिताना दर तासाला असे दहा छोटे निर्णय तुम्ही एकटे घेता. पीटर नाउर यांनी १९८५ मध्ये मांडलं होतं की प्रोग्रॅम म्हणजे मुळात तो बनवणाऱ्यांच्या डोक्यातली समज, कोड आणि कागद तिचा फक्त काही भाग. ही समज बीएच्या डोक्यातून तुमच्या डोक्यात फाइलने पाठवता येत नाही.

मात्र एक धोकाही सांगतो, मी त्यात पडलोय. वर्षभर फायनान्समध्ये वावरलो की वाटायला लागतं आपल्याला येतं, आणि मग आपण त्यांना न विचारता ठरवायला लागतो. मी असंच एका क्रेडिट लिमिटच्या नियमात "सुधारणा" केली होती, तर्काने अगदी बरोबर, आणि त्यामुळे त्यांच्या सर्वात जुन्या ग्राहकाची ऑर्डर अडकली. आपण शिकायचं ते त्यांना नेमका प्रश्न विचारता यावा म्हणून.

शंकासुर

मागील तारखेचं आणि उत्पन्नाचं वाचलं, हे कुठेही चालेल हे पटलं. सीनियरांबद्दल तुम्ही जो फरक केलात त्यावर विचार करतोय.

पण वेळेचा मुद्दा मी सोडणार नाही. हे काम आहे, कामाच्या वेळेत झालं पाहिजे. स्प्रिंटच्या प्लॅनमध्ये त्याला ओळ पाहिजे. नाहीतर जे घरी जाऊन वाचू शकतात तेच शिकतील, आणि घरी लहान मूल किंवा आजारी माणूस असलेले मागे राहतील. मी पुढच्या प्लॅनिंगला एक स्टोरी टाकतोय, "५० बंद टिकेटं वाचणे", पॉइंट्ससकट, म्हणजे किती काम आहे त्या अंदाजासकट. बघू काय म्हणतात ते. सांगतो इथे.

पडद्यामागे

@शंकासुर, वेळेबद्दल शंभर टक्के सहमत. ती स्टोरी मंजूर झाली तर कुठली ५० वाचायची ते तुमच्या सपोर्टच्या लोकांनाच निवडायला सांगा. खूश होतील.

अर्धविराम

मंडळी, ४ आठवड्यांनी परत आलोय. सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तरध्रुव यांनी सांगितलं तसं एक ऑर्डर धरली, आणि जे दिसलं ते लिहिल्याशिवाय राहवत नाहीये.

ऑर्डर एक. माल दोन खेपेत गेला म्हणून इनव्हॉइस दोन. ग्राहकाने दोन्हींचे पैसे एकत्र एकाच ट्रान्सफरने पाठवले, आणि मधल्या बँकेने आपले चार्जेस कापून घेतले, त्यामुळे थोडेसे कमी आले. आता आमचा कोड. पेमेंट इनव्हॉइसच्या रकमेएवढं किंवा जास्त असेल तरच "पेड". पहिलं इनव्हॉइस पूर्ण भरलं, दुसऱ्यात चार्जेसएवढी रक्कम कमी पडली म्हणून ते "अनपेड"च राहिलं. अनपेड म्हणजे मुदत उलटली की आपोआप आठवणीचा मेल जातो. गेला. ग्राहकाने सपोर्टला फोन केला की पैसे तर भरलेत. सपोर्टने टिकेट फायनान्सला पाठवलं. तिकडे दुसरा मेल गेला, जरा कडक भाषेतला, तो मजकूर मीच टाकला होता. तिसऱ्या मेलनंतर क्रेडिट होल्ड लागला, म्हणजे उधारीवर माल देणं थांबलं, आणि त्याच ग्राहकाची पुढची ऑर्डर गोदामात अडकली. सेल्सच्या माणसाने ती सोडवण्यासाठी वरून खास परवानगी आणली. चार डिपार्टमेंट, ९ दिवस, एवढ्याशा बँक चार्जेससाठी.

आणि प्रत्येक डिपार्टमेंटला वाटत होतं की घोळ आपल्याकडच्याच कोणाच्या तरी हातून झालाय. फायनान्समध्ये एक जण दर शुक्रवारी दुपारी हे असे अर्धवट पेमेंट यादी काढून हाताने जुळवतात. त्यांनी एक्सेल दाखवली, खतावणीताई म्हणाल्या होत्या तशीच, १४ कॉलम, आणि शेवटच्या कॉलममध्ये त्यांच्या हाताने लिहिलेलं "बँक चार्जेस, सोडा", "बँक चार्जेस, सोडा", ओळीने. मी ते बघत बसलो. ही सगळी ओळख माझ्या कोडला एका आकड्यात कळली असती, आणि त्यांचे कित्येक शुक्रवार वाचले असते. मी त्यांना विचारलं आधी का नाही सांगितलंत, तर म्हणाले, "वाटलं सिस्टिमला जमत नसेल."

आता फरक ठराविक मर्यादेच्या आत असेल तर इनव्हॉइस बंद करायचं, असा बदल करतोय. मर्यादा किती ते मी ठरवत नाहीये, फायनान्सच्या मॅडमना विचारलंय, त्यांनी लिहून दिलीय आणि ती कॉन्फिगमध्ये त्यांच्याच हातात ठेवतोय. पुढच्या आठवड्यात खरेदीकडे जाणार, थ्री वे मॅच बघायला.

जुनी_खतावणी

वाचून फार बरं वाटलं. "बँक चार्जेस, सोडा" मीही खूप लिहिलंय.

एक विचारते. इनव्हॉइस बंद केलंत पण पैसे तर कमीच आलेत. तो राहिलेला फरक कुठल्या खात्यात टाकायचा ते विचारलंत का? नाहीतर येणं शून्य दिसेल आणि बॅलन्स जुळणार नाही, महिनाअखेरीला परत त्यांच्याच टेबलावर येईल.

अर्धविराम

नाही विचारलं! मर्ज, म्हणजे हा बदल मुख्य कोडमध्ये घालणं, थांबवतो. सकाळी आधी त्यांच्याकडेच जातो.